वस्तादाचा लाडू आणि घाण्यावरचा बैल

फार पूर्वी, गावोगावी तालमी घुमत होत्या आणि शाळा वडाखाली भरत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक वस्ताद राहत होता. वस्ताद म्हणजे पैलवानांचा गुरू. पण हा नुसता शिकवणारा नव्हता, स्वतः असा गडी होता की त्याने शड्डू ठोकला की पिंपळावरचे पोपट उडून शेजारच्या गावात जाऊन बसायचे. त्याची पाठ आयुष्यात एकदाही मातीला लागली नव्हती. म्हणून राजाने त्याला चांदीची गदा दिली होती. ती गदा घराच्या दारावर एका जाड खुंटीला टांगलेली असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी गदेवर पडे, मग वस्तादाच्या मिशांवर.

अशा या वस्तादाला काळजी होती ती एकाच गोष्टीची, आपल्या लेकीची. तिचं नाव सगुणा, पण सगळे तिला सगू म्हणत, आणि ती वस्तादाला आबा म्हणे. ती पाळण्यात होती तेव्हाच तिची आई देवाघरी गेली, आणि वस्तादाने पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. तो तिची वेणी घालायला शिकला, तिच्या बाहुलीच्या लग्नात वऱ्हाडी होऊन मांडी घालून बसला. पोरगी हुशार होती, गोड होती, पण अंगाने काडी. वारा जरा जोरात सुटला की वस्ताद धावत जाऊन तिचा हात धरायचा.

सगूचं शाळेत जायचं वय झालं. त्या गावात मुलीही शाळेत जात, कारण गोष्टीतली गावं आपल्यापेक्षा थोडी शहाणी असतात. शाळा सकाळी भरे ती उन्हं कलेपर्यंत चाले, म्हणून मुलं दुपारचा खाऊ घरून फडक्यात बांधून नेत. शेजारच्या काकूने वस्तादाला सांगून पाहिलं की माझ्या पोरांचं बांधतेच आहे, त्यात सगूचंही बांधत जाईन. वस्तादाने मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "काकू, शंभर पोरं पोसली मी तालमीत. माझ्या एका पोरीचा खुराक मला जमणार नाही होय?"

आता तालमीतला खुराक म्हणजे काय, ते सांगायला हवं. वस्तादाचा लाडू पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. उडदाचं पीठ, खारीक, बदाम, डिंक, गुळाचा पक्का पाक आणि वरून मूठभर मेथ्या. हे सगळं एकत्र करून वस्ताद ते मुठीत धरून दाबायचा. मूठ कसली, नारळ फोडणारी मूठ. लाडू बाहेर पडायचा तो पाट्यावरच्या वरवंट्याइतका टणक. तालमीतले पैलवान सकाळी तो लाडू कढत दुधाच्या लोट्यात टाकत, जोर-बैठका मारून येईपर्यंत तो मऊ होई, आणि मग डोळे मिटून एका दमात पोटात. वस्तादानेही तो जन्मभर असाच खाल्ला होता. शाळेत कढत दूध कुठून यायचं, हा प्रश्न काही त्याच्या डोक्यात शिरला नाही.

आणि तालमीचा एक कायदाही होता. खुराकाला नाही म्हणायचं नाही, खुराक टाकायचा नाही, आणि खुराकाला चव विचारायची नाही. सगू हा कायदा ऐकतच मोठी झाली होती. त्यामुळे शाळेच्या पहिल्या दिवशी वस्तादाने लाडू फडक्यात बांधून दिला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी घेतला. फडकं खांद्यावर टाकलं तर ती एका बाजूला कलली, पण हसत हसत शाळेत गेली.

शाळेतल्या मुलांचाही एक कायदा होता, आणि तो फार चांगला होता. दुपारी वडाच्या सावलीत गोल पंगत बसे. प्रत्येकाने आपल्या खाऊतलं अर्धं मोडून आधी उजव्या हाताच्या मुलाला द्यायचं, आणि मगच पहिला घास घ्यायचा. त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजलं ते सगळ्यांना कळे, आणि कुणाच्या घरी थोडंच शिजलं असेल तर ते कुणालाच कळत नसे.

त्या दिवशी फडकी सुटली. कुणाचं मेथीचं खमंग थालीपीठ, कुणाचं मुगाचं धिरडं, कुणाची बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी, कुणाचे राजगिऱ्याचे लाडू. सगूच्या डाव्या हाताला शेजारच्या काकूची मुलगी बसली होती. तिने थालीपीठ मोडून अर्धं सगूच्या पुढे ठेवलं. त्याचा वास घेऊनच सगूच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने आपला लाडू काढला आणि मोडायला गेली.

लाडू मोडेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, गुडघ्यावर आपटून पाहिला, दाताने पोखरून पाहिला. मग उजवीकडच्या मुलाने दगड आणला. दगडाचा टवका उडाला, लाडवाला चरासुद्धा पडला नाही. मुलं हसली, वाईट मनाने नाही, पण हसली. सगूचे कान लाल झाले. उजवीकडे द्यायला तिच्याकडे काहीच नव्हतं, आणि दिल्याशिवाय घ्यायचं हे वस्तादाच्या लेकीला कसं शोभणार? तिने थालीपिठाचा तुकडा परत सरकवला आणि म्हणाली की मला आज भूकच नाही. पोटात कावळे कोकलत होते, पण ते दुसऱ्यांना थोडेच ऐकू येतात.

दुसऱ्या दिवसापासून सगू पंगतीत बसेनाशी झाली. वडाच्या पलीकडच्या अंगाला एका मुळावर पाठ करून ती एकटीच बसे. मुलांना वाटलं, वस्तादाची पोर, बदाम-खारकांचे लाडू खाणारी, ती कशाला आपल्यात बसेल? पलीकडून हसण्याचे आवाज येत, आणि सगू फडक्याची गाठ सोडायची नि परत बांधायची. तिला लाडवाचं एवढं वाईट वाटत नव्हतं. पंगत मात्र तिला रोज हवीहवीशी वाटे.

राहिला प्रश्न लाडवाचा. घरी परत नेला तर आबांचं मन मोडेल. टाकला तर तालमीचा कायदा मोडेल. शाळेच्या वाटेवर तेलाचा घाणा होता आणि घाण्याला एक म्हातारा बैल जुंपलेला असे. त्याचं नाव सरदार. नाव सरदार, पण बरगड्या मोजून घ्याव्यात. डोळ्यांवर झापडं बांधून तो गोल गोल फिरे, आणि दर दोन फेऱ्यांनी असा उसासा टाके की ऐकणाऱ्याला आपणच दमल्यासारखं वाटावं. संध्याकाळी घाणा थांबला की तो झाडाखाली बांधलेला असायचा. सगूने त्याच्यापुढे लाडू धरला. सरदारने हुंगला, तोंडात घेतला, आणि कटाकट चावून संपवला. मग तिच्या हाताला खरखरीत जिभेने चाटलं.

घरी आल्यावर वस्तादाने विचारलं, "संपला का गं लाडू?"

"संपला, आबा," सगू म्हणाली.

वस्ताद इतका खूश झाला की त्याने लेकीला उचलून छताला लावलं. मग सांगा, खरं सांगायला तोंड उघडणार तरी कसं? ती मूग गिळून गप्प बसली. मूगच गिळले, कारण घरात त्या वेळी खाण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही. संध्याकाळच्या दूध-भाकरीवर तिचा दिवस निभायला लागला.

असं रोज सुरू झालं. लाडू वस्ताद करी, सगू नेई, सरदार खाई. थोड्याच दिवसांत सरदारच्या अंगावर तेल न लावताही तेल लावल्यासारखी चकाकी आली. बरगड्या दिसेनाशा झाल्या, वशिंड ताठ झालं. जो बैल उसासे टाकत फिरत होता तो आता घाण्याभोवती दौडायला लागला, आणि दुपार व्हायच्या आत दिवसभराचं तेल निघायला लागलं. घाणेवाल्याला काही उमगेना. कधी त्याला वाटे देवीची कृपा झाली, कधी वाटे भलतंच काहीतरी लागलंय. त्याने बैलाच्या गळ्यात लिंबू-मिरची बांधली. सरदारने ती मिरची टाकून लिंबू तेवढं खाल्लं.

सगू मात्र वाळत चालली. वस्तादाच्या ते ध्यानात येत होतं, नाही असं नाही. पण त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध होतं. पोर वाळली की तो लाडू मोठा करायचा आणि आणखी जोरात दाबायचा. शेजारची काकू एकदा म्हणालीही, की वस्ताद, पोरीला काय खावंसं वाटतं ते विचारून तर बघा. वस्तादाने उत्तर दिलं की तालमीत कुणाला विचारत बसलो असतो तर एक पैलवान उभा राहिला नसता.

मग देवीची जत्रा जवळ आली. या जत्रेत लहान मुलांची धाव असे. नदीच्या काठावरून निघायचं, टेकडी चढायची आणि वर देवळातली घंटा वाजवायची. मुलांच्या हाताला यावी म्हणून त्या दिवशी घंटेला लांब दोर बांधत आणि दोराला झेंडूची माळ गुंडाळत. जो आधी दोर ओढेल तो पहिला.

जत्रेच्या तयारीसाठी माणसं पारावर जमली होती. नदीपलीकडच्या गावचा वस्तादही आला होता. त्याचं आणि आपल्या वस्तादाचं जुनं सख्य आणि जुनीच चुरस. तो सगूकडे बघून म्हणाला, "वस्ताद, तुमच्या लाडवाचं लई नाव ऐकून हाय. पर ही पोर तर वाऱ्यानं हलतीया. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठनं येणार?"

पारावर हशा पिकला. वस्ताद ताडकन उठला. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, त्याच्या लाडवाला कुणी नाव ठेवावं? तो म्हणाला, "धावेच्या दिवशी बघा. माझा लाडू ज्याच्या पोटात गेलाय, तोच सगळ्यांच्या आधी देवीची घंटा वाजवंल. न्हाई वाजवली, तर ही राजाची गदा तुमच्या दारात टांगा."

गावच्या पाटलाने दोघांचे हात एकमेकांत दिले आणि पैज पक्की झाली. सगू पाराला टेकून सगळं ऐकत होती. गदा गेली तर आबांचं काय राहील? आणि ती जाणार ती आपल्यामुळे. कारण आबांचा लाडू आपल्या पोटात गेलेलाच नाही.

तिने खरं सांगायचं ठरवलं. वस्ताद परातीत पीठ मळत होता, तेव्हा ती जवळ गेली आणि म्हणाली, "आबा, लाडू..."

"कळलं, कळलं," वस्ताद म्हणाला, "धावेसाठी उद्यापासून दुप्पट करतो."

नंतर तो चिंच लावून गदा घासत बसला होता तेव्हाही ती गेली. गदा इतकी लखलखत होती की तीत तिला स्वतःचा चेहरा दिसला, आणि आबांचाही. आबा गुणगुणत होते. सगू तशीच मागे फिरली.

धावेचा दिवस उजाडला. टेकडी माणसांनी फुलून गेली. भिरभिरी, पिपाण्या, रेवड्या, गजरे, सगळी नुसती धमाल. घाणेवाल्याने सरदारला झूल घालून, शिंगांना रंग लावून मिरवायला आणलं होतं. वस्तादाने गदा देवळाच्या पायरीवर ठेवली, मग नदीकाठी उतरून स्वतःच्या हाताने सगूच्या कमरेला लाडवाचं फडकं बांधलं. ढोल वाजला की तोंडात टाक आणि सूट, असं तिला बजावून तो परत वर गेला.

ढोल वाजला. मुलं सुटली. सगू जीव तोडून पळाली, पण रिकाम्या पोटी टेकडी चढणं काय सोपं आहे? कमरेचं ओझं डुलत होतं, पाय लटपटत होते. अर्ध्या चढावर तिला ठेच लागली आणि ती पडली. पुढची मुलं पुढे निघून गेली. वरून आबांची हाक ऐकू येत होती, आणि तिला वर बघवेना.

तेवढ्यात खाली एकच गलका झाला. सरदारच्या नाकात लाडवाचा वास शिरला होता. ओळखीचा, रोजचा, आपल्या सगूचा वास. त्याने मान झटकली, दावं तुटलं, आणि झूल उडवत तो टेकडीकडे सुटला. लोक ओरडत बाजूला झाले. पुढे गेलेली मुलं बैल येताना बघून मोठमोठ्या दगडांवर चढून बसली. वस्तादाने वरून पाहिलं तर वाटेच्या मधोमध त्याची काडीसारखी पोर बसली होती आणि बैल थेट तिच्याच अंगावर चालला होता. तो पायऱ्या उतरून धावला.

सगू मात्र जागची हलली नाही. तिने फडकं सोडलं आणि लाडू पुढे केला. सरदार तिच्यापुढे येऊन थांबला, लाडू तोंडात घेतला आणि कटाकट चावायला लागला. टेकडीवर एवढी शांतता झाली की तो आवाज वरपर्यंत गेला. खाऊन झाल्यावर त्याने रोजच्यासारखा तिचा हात चाटला. मग त्याने मान वर केली. वर देवळात झेंडूची माळ झुलत होती. लाडवावर जरा हिरवं-पिवळं खावं असं कुणाला वाटणार नाही? सरदार रमतगमत पायऱ्या चढून गेला, त्याने माळ तोंडात धरली आणि ओढली.

घंटा वाजली. घण्, घण्, घण्, अशी की नदीपलीकडे ऐकू गेली.

मग घाणेवाला कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हंजी माझ्या सरदारला हा खुराक चालू हुता व्हय? आन् मी लिंबू-मिरच्या बांधत बसलोय." मग मात्र सगळी टेकडी हसायला लागली. पाटील डोळे पुसत पुढे आले आणि म्हणाले की पैजेचे शब्द सगळ्यांनी ऐकलेत. ज्याच्या पोटात वस्तादाचा लाडू, तोच आधी घंटा वाजवणार, आणि त्यानेच वाजवली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? गदा वस्तादाचीच. पलीकडच्या वस्तादानेही मान डोलावली, शब्द तो शब्द. लोकांनी गदा आणून वस्तादापुढे धरली.

वस्तादाने हात पुढे केला. मुठीत गदा आली की झालं, पैज जिंकली, नाव राहिलं. पण त्याचं लक्ष सगूकडे गेलं. ती खरचटलेला गुडघा धरून खाली मान घालून बसली होती. सगळे हसत होते आणि ती एकटी हसत नव्हती. वस्तादाचा हात तिथेच थांबला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने इतक्या दिवसांत कधी न विचारलेला प्रश्न विचारला.

"सगू, लाडू बैलानं खाल्ला. मग तू काय खात होतीस?"

"काही नाही, आबा."

"मग बोलली का नाहीस गं?"

"खुराकाला नाही म्हणायचं नाही ना," सगू म्हणाली, आणि इतके दिवस दाबलेलं सगळं बाहेर पडलं. "तो मोडत नाही, आबा. मोडून अर्धं उजवीकडं दिल्याशिवाय पंगतीत बसता येत नाही. मी झाडामागं बसते."

वस्तादाने कमरेला बांधलेला एक जास्तीचा लाडू काढला. दोन्ही हातांत धरून मोडायला गेला. दंड फुगले, मानेच्या शिरा तटतटल्या, लाडू तसाच. मग त्याने तो दाढेखाली धरला, आणि जन्मात पहिल्यांदा दुधाशिवाय आपला लाडू चाखला. मेथ्यांचा कडूपणा जिभेवरून थेट कानात गेला. डोळ्यांत पाणी आलं. ते कडूपणाचं होतं की दुसरं कशाचं, हे लोकांनी विचारलं नाही. ज्याची पाठ कधी मातीला लागली नव्हती तो वस्ताद धपकन मातीत बसला.

मग तो उठला, गदा दोन्ही हातांत घेतली आणि पलीकडच्या वस्तादापुढे धरली. "पैज लाडवाची न्हवती," तो म्हणाला. "माझ्या घरात पोर पोटभर खातीया का, ही पैज हुती. ती मी हरलो. न्या ही."

सगू धावत येऊन आबांच्या पायाला बिलगली आणि रडत म्हणाली की गदा देऊ नका, मी उद्यापासून खाईन. वस्तादाने तिला उचलून खांद्यावर घेतलं. ती किती हलकी लागते आहे, हे त्याला आज कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

पलीकडच्या वस्तादाने गदा घेऊन कपाळाला लावली. तो चेष्टा करायला आला होता, पण त्याने आपल्या शिदोरीची गाठ सोडली, बाजरीची भाकरी मोडली आणि अर्धी सगूपुढे धरली. "घे, पोरी. माझ्या उजव्या अंगाला तूच हायस."

"पण माझ्याकडं द्यायला काही नाही," सगू म्हणाली.

"मग पुढच्या जत्रंला दे. मी कुठं पळतोय?"

सगूने आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. तिने खांद्यावर बसूनच भाकरी खाल्ली, शेवटच्या कणापर्यंत, आणि सगळी टेकडी ते बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादाच्या चुलीसमोर वेगळाच आखाडा भरला. वस्ताद पाटावर बसला होता, सगू त्याच्या शेजारी, आणि शेजारची काकू दोघांच्या डोक्यावर. वस्तादाने लेकीला विचारलं की तुला काय खायला आवडेल. सगूने खूप विचार केला आणि म्हणाली, "जे मोडता येतं ते."

मग वस्तादाने राजगिऱ्याच्या लाह्या फोडल्या, तीळ भाजले, शेंगदाणे भाजून कुटले. मेथ्यांच्या डब्याकडे त्याचा हात सवयीने गेला, तो काकूने वरच्यावर धरला. मेथी हवीच असेल तर पाला चिरून थालीपिठात घाला, म्हणाली. गुळाचा पाक तो पक्का करायला निघाला तेव्हा तिने कढई खाली उतरवली. "वस्ताद, लाडू आहे तो. त्याला चीत करायचं नाही."

शेवटी लाडू वळायची वेळ आली. वस्तादाने एक घेतला आणि मूठ आवळली, तोच सगूने त्याच्या बोटांवर आपला हात ठेवला. तो मूठ सैल करायला गेला, पण इतक्या वर्षांची मूठ ती, सैल कशी होणार? तेव्हा सगूने सारण आपल्याकडे ओढलं आणि स्वतःच वळायला बसली. लिंबाएवढे छोटे लाडू. एक थोडा चपटा, एक एका बाजूला कललेला, पण सगळे असे की बोटाने दाबले की दोन होतील. वस्तादाने भाजायचं आणि सगूने वळायचं, असं त्या दिवशी ठरलं. त्या सकाळी दोघांनी पिठाचे हात पुसता पुसता इतकं हसून घेतलं की काकूला वाटलं घरात पाहुणे आलेत.

दुपारी वडाखाली पंगत बसली. सगू झाडामागून पुढे आली आणि काकूच्या मुलीच्या उजव्या हाताला बसली. तिने फडकं सोडलं, एक लाडू घेतला, आणि तो मोडला. अर्धा उजवीकडच्या मुलाला दिला. त्याने तो तोंडात टाकला आणि डोळे मोठे करून विचारलं, "कुणी केला?"

"आबांनी आणि मी," सगू म्हणाली. मग डावीकडून आलेलं अर्धं थालीपीठ तिने घेतलं आणि पोटभर खाल्लं. समोरच्या शेवग्याच्या बारीक झाडामागे एक अगडबंब माणूस लपला होता आणि त्याच्या मिशा दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत होत्या. पण मुलांनी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

पुढे सगूच्या गालांवर रंग चढला, आणि पुढच्या जत्रेला तिने पलीकडच्या वस्तादाला अर्धा लाडू नेऊन दिला. घाणेवाला मात्र हात जोडून दारात आला होता. म्हणाला, बैलाचा खुराक बंद केलात तर माझा घाणा बसेल. त्यामुळे जुने टणक लाडू वस्ताद अजूनही वळत होता, पण ते सरदारसाठी. सरदारने कधी तक्रार केली नाही.

आणि दारावरची ती जाड खुंटी? ती काही दिवस रिकामी राहिली. मग एका सकाळी शाळेच्या घाईत वस्तादाने सगूच्या खाऊचं फडकं बांधून, विसरायला नको म्हणून, तिथे अडकवलं. तेव्हापासून ते रोज तिथेच लटकायला लागलं. येणारेजाणारे आता आधी त्या फडक्याकडे बघत आणि मग वस्तादाच्या मिशांकडे. आणि वस्ताद त्या मिशांना पूर्वीपेक्षाही जास्त पीळ देई.

तात्पर्य: मुलांचा खाऊ आपल्या मुठीच्या मापाने वळू नये, त्यांच्या ओंजळीच्या मापाने वळावा, आणि डबा रिकामा आला एवढ्यावर खूश न होता, पोट भरलं का, हेही विचारावं.